सत्कारमूर्ती पडद्यामागं

सत्कार माह्या लेकीचा होता, म्हणून फ्लेक्सवर तिचा बी फोटो होता. खाली, कोपऱ्यात, मोसंबीएवढा. वर आमचे पुढारी मोहनराव, त्यांच्या पक्षाचे थोरले साहेब, धाकले साहेब, आन मधोमध हात जोडून उभी त्यांची लेक तेजश्री. तिला औंदा जिल्हा परिषदेला उभं करायचंय. मी साखराबाई. मेंढरं राखणारी बाई. मला वाचाया येत न्हाई, पण बगाया येतं.

माही धनश्री, आमची धनी, सहा वर्सं मुंबईत शिनेमाची गाणी गाती. चाळीसावर गायली, पण तुमी एक बी ऐकलं न्हाई. कावून? तर आधी धनी गाणार, मग तिचं ऐकून कुणी मोठी बाई गाणार, आन शिनेमात मोठ्या बाईचा आवाज राहणार. औंदा एका मोठ्या बाईला येळच मिळाला न्हाई. धनीचाच आवाज राहिला, आन गाणं असं गाजलं की केजपासून परळीपर्यंत एक वरात त्याच्याबिगर हालंना. मग मोहनरावांना एकदम आठवलं, अरे, ही तर आपल्या धर्मापुरीची कन्या! धन्य ती माया.

पोरीला शालीची हौस नव्हती. तिला बापासमोर गायचं होतं. ठरलेली सोयरीक मोडून ती मुंबईला गेलती, तवापासून बाप तिच्याशी एक शबुद बोलला न्हाई. तिचा फोन आला की उठून मेंढरांत जायाचा. मेंढरांशी दिवसभर बोलायचा, तिथं काय अडचण नव्हती.

सत्काराला मातुर त्यो आला. मोहनरावांचं बोलावणं, न येऊन करतो काय? आमची मेंढरं त्यांच्याच रानात बसलेली. लेंड्यांचं खत त्यांना, जवारी आमाला.

सकाळी धाचा कार्यक्रम. मोहनराव दोनला आले, म्हंजी लवकरच आले म्हणायचं. आल्या आल्या मला आन धनीला स्टेजच्या मागं बोलावलं.

"धने, आमच्या तेजूला गायची लई हौस. गळा तेवढा देवानं दिला न्हाई. तू पडद्याआड गा, ती पुढं तोंड हलवील."

"मालक, सत्कार कुणाचा हाय?" मी इचारलं.

"हिचाच की! शाल हिलाच. आन शिनेमात हिरोईन तोंड हलवती ते चालतंय ना तुमाला? मग आमची तेजू काय वंगाळ हाय?" मग गोड आवाजात, "मेंढरं बरी हायत ना आमच्या रानात?"

घ्या! धनीनं माह्याकडं बघितलं, खाली बघितलं, आन म्हणाली, "गाते."

भाषणं दीड तास चालली. सत्कार दोन मिनिटांत उरकला. मग पुकारलं, "आता तेच गाणं सादर करतील आपल्या लाडक्या तेजश्रीताई!" धनीला माईक देऊन पडद्याआड लोटलं. मी पयल्या रांगेत तिच्या बापाशेजारी येऊन बसले.

गाणं सुरू झालं. ताई माईक धरून झुलाया लागल्या. माह्या मागची बाई म्हणती, "पुढाऱ्याची लेक असून काय गळा हाय, बाई!"

धनीचा बाप इतका वेळ खाली मान घालून बसलता. त्यानं मान वर केली.

"ही न्हाई," म्हणाला.

"गप बसा."

"आगं, ही न्हाई गात. धनी कुठं हाय?"

दोनशे मेंढरांत कोकरू नुस्त्या आवाजावरनं वळखणारा माणूस. त्याला काय फशिवता? उठला, घोंगडं सावरलं आन स्टेजवर चढला. मोहनरावांना वाटलं, पोरीचा बाप ताईला हार घालाया निघाला. हासून वाट दिली. ह्यो सरळ पडद्यामागं.

बापाला बघून पोरीला रडू फुटलं. गाणं तुटलं. पुढं ताईंचं तोंड चालूच! आन भोंग्यातनं अख्ख्या मैदानाला घोगरा आवाज ऐकू आला:

"धने, रडू नगं. गा. मी ऐकतो की."

ताईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. मैदान असं हासलं की पोलीस बी हासले. आन धनी गायली. लोकं उठून स्टेजच्या मागल्या अंगाला गेली. पुढं राहिले मोहनराव आन खुर्च्या.

दिवस मावळायच्या आत निरोप आला, रान मोकळं करा. केलं. मेंढरांच्या वाड्याची जाळी गुंडाळली, बिऱ्हाड घोड्यावर टाकलं, निघालो. पुढचं रान ठरलेलं नव्हतं. धनी बी बापाच्या संगं चालली, शाल डोक्याला गुंडाळून. आन बाप बोलत होता. मुंबईत जेवाया काय देतात, उशाला काय घेती, गळ्याला काय लावती, न थांबता. पोरगी म्हणायची, "आबा, जरा दम घ्या."

मी मागनं रडत आन शिव्या देत चालले होते. मोहनरावाला का ह्या बोलघेवड्याला, ते मलाच कळंना.