स्टार आणि सहा

"ओडेसा, फोन बंद कर तुझा. तुझा कुत्रा आपल्याआधी आमेन म्हणतोय."

"अगं, दाबलं की मी."

"दाबलं असतंस तर मला तो ऐकू आला असता का? आधी स्टार, मग सहा. टुक् असा आवाज येईपर्यंत थांब."

फोनवर आणखी दोघंतिघं हसली. मग टुक् झालं आणि कुत्रा गप्प झाला.

साथीमुळे न्यू हेब्रन चर्चला कुलूप लागून सहा महिने झाले होते. मंडळीतल्या निम्म्या लोकांकडे कॉम्प्युटर नव्हता, पण फोन सगळ्यांकडे होता. रोज सकाळी सहाला सगळे एकाच नंबरवर जमत आणि व्हर्नेल हचिन्स आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एकेक नाव पुकारी. नावाचा धनी "आहे" म्हणे. मग दोन मिनिटं मूक प्रार्थना. तेवढ्यापुरतं प्रत्येकाने स्टार आणि सहा दाबून आपला आवाज बंद करायचा. बोलायचं झालं की पुन्हा तेच दाबून उघडायचा. सत्तरीच्या, ऐंशीच्या म्हाताऱ्यांना हे शिकवता शिकवता व्हर्नेलचा घसा बसला होता.

मार्चमध्ये यादीत चौऱ्याऐंशी नावं होती. आता सदुसष्ट जण "आहे" म्हणत. गेलेल्यांच्या नावावर ती रेघ मारत नसे. तिथे क्षणभर थांबे आणि पुढे जाई. ऑगस्टपासून पाळक व्हिटलोंच्या नावापाशीही ती अशीच थांबत होती.

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर चर्चचा कारभार पाहणारे डीकन एल्स्टन म्हणाले, "सिस्टर व्हर्नेल, आज दुपारी. कागद तयार आहे ना?"

"आहे."

"वेळ लावून वाचलात?"

"एक मिनिट पंचावन्न सेकंद."

"मग पाच सेकंद देवाची," ओडेसा मध्येच म्हणाली, आणि पुन्हा कोणीतरी हसलं.

व्हर्नेलचा मुलगा रेनार्ड शाळेची बस चालवायचा. तीन वर्षांपूर्वी गाडीचा मागचा दिवा फुटला म्हणून पोलिसांनी त्याला थांबवलं, आणि त्यांच्याच गाडीत दम कोंडून तो गेला. तो दमेकरी होता. औषधाचा फवारा त्याच्या डाव्या खिशात होता, हात मागे बांधलेले होते. चौकशी झाली, अकरा दिवसांत संपली. या जूनमध्ये पोलिसांच्या हातून होणाऱ्या अशा मृत्यूंविरुद्ध देशभर काळी माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा न्यू हेब्रनच्या म्हाताऱ्यांना गर्दीत जायची सोय नव्हती. व्हिटलो म्हणाले, आपण आपल्या अंगणातून करू. दर रविवारी चर्चच्या आवारात गाड्या येत, काचा वीतभर खाली होत, आणि दान गोळा करायच्या लांब दांड्याच्या टोपल्यांतून सह्यांचे कागद आत जात. असे चार हजार कागद भरले. रेनार्डची चौकशी पुन्हा उघडावी, एवढंच त्यांवर होतं. नगर परिषदेने अर्ज घेतला. साथीमुळे सुनावणी फोनवर ठरली. बोलणाऱ्याला दोन मिनिटं.

शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं तीनशे पोरांच्या कालव्यावर आवाज चढवलेली ही बाई मुलाबद्दल चारचौघांत कधी बोललीच नव्हती. कागदावर आधी चार पानं झाली होती. त्याला पीचची खीर आवडायची, ते तिने खोडलं. बसमधल्या पोरांची नावं त्याला पाठ असायची, तेही खोडलं. "माझा फवारा," असं तो चार वेळा म्हणाला होता, तेवढं ठेवलं.

दुपारी दोनला तिने फोन लावला. रविवारचा निळा पोशाख घातला होता. कोणी बघणार नव्हतं, तरी घातला होता. परिषदेने सगळ्यांचे आवाज आपल्याकडून बंद ठेवले होते. आधी कचऱ्याच्या गाड्यांचा विषय झाला, मग झाडांच्या फांद्यांचा. साडेपाचला कारकुनाचा आवाज आला, "श्रीमती हचिन्स, तुमची लाइन उघडली आहे. बोला."

तिने कानातलं यंत्र काढून बशीत ठेवलं. फोनजवळ ते शिट्टी मारायचं, म्हणून सकाळी यादी संपवून, आवाज बंद करून स्वतः मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागली की ती ते काढूनच ठेवी. मग रोजच्यासारखं तिचं बोट आपसूक गेलं. स्टार. सहा. आणि ती बोलू लागली.

आवाज कापला नाही. "माझा फवारा" असं तो चार वेळा म्हणाला, त्या ओळीशीही नाही. शेवटी ती म्हणाली, "मी त्याची आई. मला शिक्षा मागायची नाही, मला फक्त विचारायचं आहे." आणि फोन ठेवून दिला.

यंत्र कानात घालेपर्यंत फोन वाजायला लागला होता.

"व्हर्नेल, तू बोलली का नाहीस?" ओडेसा रडवेली झाली होती. "आम्ही सगळे ऐकत बसलो होतो. त्या माणसाने तीनदा नाव घेतलं तुझं."

"मी बोलले की."

"नाही गं."

"सगळं बोलले, ओडेसा. किती शांत ऐकत होते ते. मला वाटलं..."

ओडेसा हळूच म्हणाली, "तू काही दाबलंस का?"

व्हर्नेलने फोनवरच्या स्टारच्या बटणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी पुन्हा लावते."

"एल्स्टनने दोनदा लावला. नावं घेणं बंद झालंय म्हणतात. आता कोणी पार्किंगबद्दल बोलतोय."

सातच्या सुमाराला मत झालं. चार बाजूने, पाच विरुद्ध. एक सदस्य मत देण्याआधी म्हणाला, कुटुंबातलं कोणी बोलायला पुढे आलं नाही, याची नोंद व्हावी. हे एल्स्टननी तिला सांगितलं नसतं, पण तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सहाला ती टेबलाशी होती. नावं पुकारली. थांबायच्या जागी थांबली. सदुसष्ट झाले.

"सिस्टर," एल्स्टन म्हणाले, "आज कोणाला घाई नाही. तुमचा कागद आम्हाला वाचून दाखवा."

"तुम्हाला ठाऊक आहे सगळं, डीकन. तुमच्यासाठी नव्हता तो." आणि मग नेहमीच्या आवाजात, "मूक प्रार्थना. आवाज बंद करा."

टुक्, टुक् होत राहिलं, विरळ होत गेलं. शेवटचं तिने स्वतः दाबलं. स्टार. सहा. कागद उघडला, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली. आज यंत्र कानातच होतं. ते शिट्टी मारत होतं. तिच्या वाचण्याच्या मधून मधून फोनमधून एक आवाज येत होता; ओडेसाने आजही नीट दाबलं नव्हतं. कुत्रा नव्हता तो. म्हातारी नाक ओढत होती.

व्हर्नेलने तिला टोकलं नाही. एक मिनिट पंचावन्न सेकंद झाल्यावर तिने कागदाची घडी घातली, पाच सेकंद वाट पाहिली, आणि आवाज उघडून म्हणाली, "आमेन."