फाट्यावरची सपना

मंगरूळपीर रस्त्यावरच्या फाट्यावर सकाळपासून जत्रा भरली होती. गेल्या माघात हेमसिंग महाराजांनी इथलं भूत बांधायला खिळा ठोकला आणि आठ महिने एकही गाडी धडकली नाही. याहून मोठा चमत्कार गावाला कुठला हवा होता? परवा मात्र दोन मोटारसायकली भिडल्या. महाराजांची हमी मोबाइलच्या रिचार्जसारखी संपली.

"सुटली ते!" लिंबू कापत महाराज गरजले. "आता तिचा फोटू जाळा लागते!"

'ते' म्हणजे सपना, बेबीताईची लेक. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मागच्या कार्तिकात इथेच स्कूटीसकट ट्रकखाली गेली. तिच्यामागून आणखी दोघे गेले आणि गावाने सपनाला हडळ करून टाकलं. बेबीताई फोटो छातीशी धरून उभी होती. मेल्यावरही पोरीला कोणी सुखानं राहू देईना.

"माही पोरगी मुंगीले दुखवत नव्हती," ती रडत म्हणाली. "ते कोनाले काहून मारन?"

शाळेतल्या शीला मॅडम रोज इथूनच ये-जा करत. त्या पुढे आल्या.

"महाराज, तुमी खिळा ठोकला त्याच आठवड्यात इंद्रभानभाऊनं ही कोपऱ्यावरची तूर सोंगली, रान मोकळं झालं होतं. सारे अपघात तूर उंच असतानाच झाले."

"तुरीनं मानसं मरतेत का?" महाराज हसले. गर्दीही हसली.

मॅडमनी बेबीताईला आपल्या स्कूटीवर बसवून गाडी गावरस्त्याच्या तोंडाशी नेली. "ताई, मोठा रस्ता दिसते?"

समोर नुसती तूर. तेवढ्यात एक टिप्पर हातभर अंतरावरून सुसाट गेला. बेबीताई मॅडमकडे वळली.

"म्हंजे तिले ट्रक दिसलाच नाही?"

"नाही ताई. ट्रकवाल्यालेही ते दिसली नाही. मागच्या साली रस्ता रुंद झाला, गाड्या पळू लागल्या. आपला रस्ता तिरपा येऊन मिळते. ना गतिरोधक, ना पाटी."

गर्दी तुरीकडे पाहू लागली. इंद्रभान पुढे आला. पूजेचा नारळ त्यानेच आणला होता.

"रस्त्याकडची चार तासं, चार ओळी सोडून पेरलं असतं तं..." तो घरून विळा घेऊन आला आणि फुलावरची तूर कापू लागला. महाराज केव्हा निघून गेले, कोणाला कळलंही नाही.

हळूहळू रस्ता दूरवर दिसू लागला. बेबीताई बघत राहिली. एवढंसंच काम होतं. वर्षापूर्वी झालं असतं तर लेक त्या दिवशी घरी आली असती.

"मॅडम, गतिरोधकाचा अर्ज लिवा. पयली सही माही," ती म्हणाली. मग गर्दीकडे वळली. "आन आता माह्या पोरीले हडळ म्हनू नोका. मानूस मेला तिथं भूत नोका पाहू, बाप्पा. रस्ता पाहा."