सदतीस नंबरची करडई

"नव्वद?" तांबे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नोंदवही खिडकीच्या उजेडात धरली. "जालिंदर, करडईच्या तेलाचा अंक नव्वद?"

"तीनदा केलं साहेब. एकदा नव्वद, एकदा एक्क्याण्णव, पुन्हा नव्वद."

"बाकीचे?"

"बाकीचे सगळे एकशे चाळीसच्या आसपास. ह्यो एकच सदतीस नंबर असा निघतोय."

राहुरीच्या बाजूला असलेल्या त्या संशोधन केंद्रात जिल्ह्याभरातून करडईचे साठ नमुने आले होते. बी कुटायचं, तेल काढायचं, त्यात आयोडीन घालायचं आणि तेलानं किती पिऊन घेतलं तो अंक काढायचा, हे काम जालिंदर भिंगारदिवे अकरा वर्षं करत होता. नववी नापास माणूस. पण काचेच्या नळीतून थेंब सोडताना उरलेल्या आयोडीनचा निळा रंग नेमका कोणत्या थेंबाला जातो, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही असं खुद्द साहेब पाहुण्यांना सांगत. तेलात ओलिक आम्ल जास्त असलं की अंक खाली येतो, हेही साहेबांनीच त्याला शिकवलं होतं. शेंगदाण्यात ते भरपूर, तिळात बऱ्यापैकी, तुपात आणि चरबीतही असतं. करडईत थोडंच. पुस्तकात तसंच छापलेलं होतं.

साहेबांनी मागची पानं उलटली. "सदतीसच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?"

"मेंढीची चरबी. पशुसंवर्धनवाल्यांची."

"फ्लास्क तोच?"

जालिंदरनं होकारार्थी मान हलवली.  दारात स्टोअरकीपर राधाकृष्ण उभा होता. हातातल्या पावत्या चाळत, सहज बोलल्यासारखा म्हणाला, "अहो साहेब, त्याच्या हाताला चरबी लागली तर त्याला कळायची कशी? पिढ्यान् पिढ्यांची सवय."

 साहेबांनी वर पाहिलं, "राधाकृष्ण, तुम्ही जा," म्हणाले, आणि तो गेला. पण बोललेलं तिथंच राहिलं.

जालिंदरचा बाप गावात मेलेली जनावरं ओढायचा. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं सुरी विहिरीत टाकली. गाव चार महिने त्याच्याशी बोललं नव्हतं. जालिंदर तेव्हा बावीस वर्षांचा होता. पुढं इथं नोकरी लागल्यावर त्यानं काचेची भांडी अशी धुतली, की पुण्याहून आलेल्या एका बाईंनी विचारलं होतं, ही नवी आहेत का?

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यानं दोनदा हात धुतले आणि नाकाशी नेले.

"काय झालं?" विमलनं चुलीपुढून विचारलं.

त्यानं सांगितलं. राधाकृष्णचं तेवढं वगळून.

"मग धुतला हुता का न्हाई तो फ्लास्क?"

"धुतला हुता. सोड्यानं धुतला, मग गरम पान्यानं. मला आठवतंय." भाकरीचा तुकडा त्याच्या हातात तसाच राहिला. "म्हंजी, आठवतंय असं वाटतंय."

रोजची गोष्ट कुणाला वेगळी आठवते? अकरा वर्षांत हजारो वेळा धुतलेले फ्लास्क त्याच्या डोक्यात एकात एक मिसळले होते. त्यातला तो एक शोधायला गेलं की हाती दुसराच लागायचा.

दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी केंद्रावर गेला. फेब्रुवारीतली थंडी होती, हौदातलं पाणी बोटांना झोंबत होतं. एका नळीत त्यानं सदतीसचं उरलेलं तेल घेतलं. दुसऱ्या नळीत साधं करडईचं तेल आणि मेंढीची चरबी निम्मी निम्मी गरम करून मिसळली. दोन्ही नळ्या हौदात बुडवून ठेवल्या. साहेब आले तेव्हा चरबीची नळी पांढरीफटक गोठली होती. सदतीसचं तेल मात्र झऱ्याच्या पाण्यासारखं नितळ होतं.

साहेबांनी दोन्ही नळ्या किती तरी वेळ उजेडाला धरल्या. "चरबी नाही खरी," ते म्हणाले. "शेंगदाणा असता तर तोही आळला असता. मग हे आहे काय?"

"तुम्हीच सांगा साहेब."

"ओलिक आहे. भरपूर आहे. पण करडईत इतकं नसतं हो." ते स्वतःशीच बोलत असल्यासारखे म्हणाले. "माझ्याकडच्या एकाही पुस्तकात नाही. पुन्हा बी आणा. त्याच घरचं."

सदतीस नंबरपुढं नाव होतं कडूबाई, आणि नेवासा तालुक्यातलं एक गाव. जालिंदर रविवारी एसटीनं गेला, फाट्यावरून दोन कोस चालला. कडूबाई लेकीकडं गेली होती. घरी तिची सून पुष्पावती होती. तिनं कोपऱ्यातल्या कणगीतून शेरभर करडई काढून दिली. "आमची येवढीच," म्हणाली.

सोमवारी त्यानं नवा कोरा फ्लास्क मागून घेतला. साहेब शेजारी उभे राहिले. थेंब थेंब सोडत गेला. निळा रंग गेला आणि साहेबांनी आकडेमोड केली.

एकशे एक्केचाळीस.

"बघा," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, हे जालिंदरला दिसत होतं. "काहीतरी घोळ झाला असणार पहिल्यांदा. होतं कधीकधी."

अहवाल मार्चअखेर पाठवायचा होता. सदतीस नंबरपुढं साहेबांनी लाल शाईनं लिहिलं, 'नमुना दूषित'. राधाकृष्णनं ते वाचलं, आणि पुढं कितीतरी दिवस जालिंदर स्टोअरमध्ये काही मागायला गेला की तो हसून साबणाची वडी पुढं करायचा.

जालिंदर भांडला नाही. कशाच्या बळावर भांडणार? आपला पहिला आकडा खोटा होता की हा दुसरा, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पहिल्या तेलाचा नितळपणा त्यानं डोळ्यांनी पाहिला होता, आणि दुसऱ्याचा आकडाही. दोन्ही खरं कसं असेल? काम करताना तो आता प्रत्येक फ्लास्क धुऊन झाला की मोठ्यानं 'धुतला' म्हणायचा, म्हणजे निदान कानाला तरी आठवेल. बाकीचे लोक गालात हसायचे.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. खरीप गेला, रब्बीची पेर झाली नाही, केंद्राची विहीर तळाला गेली. नवे नमुने यायचे बंद झाले. रिकाम्या हातांनी विचार जास्त सुचतात. त्र्याहत्तरच्या जानेवारीत एक दिवस जालिंदर उठला आणि विमलला म्हणाला, "मी त्या म्हातारीला इचारूनच येतो."

कडूबाई घरी नव्हती. गावच दुष्काळी कामावर होतं. माळावर रस्त्यासाठी खडी फोडायचं काम चाललं होतं. उन्हात शेकडो बायामाणसं आपापल्या ढिगापुढं बसली होती, हातोड्यांचा आवाज दूरवरूनच ऐकू येत होता. विचारत विचारत तो तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. साठीची, काटकुळी बाई. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"मावशी, मी सरकारी केंद्रातून आलोय. करडईच्या कामानं."

"आता कसली करडई बाबा?" तिनं हातोडा थांबवला नाही. "बस. सावली न्हाई, पन बस. कुठल्या गावचा?"

त्यानं गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आडनावावरून जे कळायचं ते तिला कळलं असणारच. ती फक्त "बरं" म्हणाली आणि बसायला शेजारचा सपाट दगड दाखवला.

"गेल्या साली जीपवाल्या साहेबांना तुमी करडई दिली हुती. नंतर मी आलो तवा तुमच्या सुनंनं दिली. दोन्हीचं तेल येगळं निघालं. मला काय समजंना."

आता हातोडा थांबला.

"पुस्पीनं कणगीतली दिली आसंल."

"व्हय, कणगीतली."

"आन् मी गाडग्यातली दिली हुती. सरकारचा मानूस दारात आला, त्येला काय बाजारची देऊ?" ती पहिल्यांदाच हसली. "ती माझ्या आयची करडई हाय. लग्नात तिनं वटीत घातली हुती. मी येगळी पेरते, येगळी झोडते. दिसायला दोन्ही सारख्याच. पन त्या कणगीतल्या करडईचं तेल कढईला बसतं बघ, डिंकावानी, घासून हात मोडत्यात. माझीचं बसत न्हाई. वरीसभर ठिव, खवट हुत न्हाई. पुस्पी म्हनती, म्हातारीला भास हुत्यात."

 जालिंदरला हसावं की रडावं कळेना. अकरा महिने तो आपल्या हातांना चोर समजत होता, आणि हिला ते सगळं कढई घासताना माहीत झालेलं होतं.

"उरलीय का मावशी?"

"पेरा झाला न्हाई, हुती ती घाण्याला गेली. खायाला काय हुतं घरात? मूठभर ठिवलीय बियाला." तिनं बोटाची चिंधी आवळली. "तुला लागंल का?"

दिवस मावळताना काम सुटल्यावर ती त्याला घरी घेऊन गेली आणि गाडगं त्याच्या ओंजळीत उपडं केलं. त्यानं बी रुमालात बांधलं.

"दळून बघनार?" तिनं विचारलं.

"बघावं लागंल."

"बघ बाबा. म्हंजी पुस्पीला तरी कळंल."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते उठून उभेच राहिले. "एकाच घरात दोन वाण! मग जालिंदर, तुमचा नव्वद खरा होता!" त्यांनी बी स्वतः तराजूत घातलं. अकरा ग्रॅम भरलं. "दहा लागतील. दळा. आजच्या आज करू. मी वर पत्र लिहितो, शेरा काढून टाकू."

जालिंदर खल घेऊन बसला. बी पांढरंशुभ्र, टपोरं होतं. त्यानं बत्ता उचलला आणि तसाच धरून राहिला.

"साहेब, दळल्यावर पेरायला काय राहील?"

"ग्रॅमभर राहील ना."

"दोन वर्षांचं जुनं बी. त्यातलं उगवंल किती? एखादं रोप आलं, पाखरानं खाल्लं, मग?"

"आपल्याच शेतात लावू."

"आपल्या विहिरीत पाणी न्हाई साहेब. आन् दूषित नमुन्याला वाफा कोण दील?"

साहेब खुर्चीत बसले. "हे बघा, आकडा नसेल तर ह्या बियाला कोणी विचारणार नाही. आणि तुमच्या कामावरचा शेरा तसाच राहील. मी उद्या इथं असेन, नसेन. विचार करा."

साहेबांचंही बरोबर होतं. हेच तर वाईट होतं. दळलं तर तो खरा ठरणार होता, आणि ज्यात तो खरा ठरणार होता तेच उरणार नव्हतं. नाही दळलं तर पुन्हा राधाकृष्णची साबणाची वडी. त्याला बाप आठवला. पण बापानं ह्यावर काय म्हटलं असतं ते काही केल्या सुचेना. दुपारभर तो खलापुढं बसून होता. एकदा त्यानं चार दाणे बत्त्याखाली घेतले, आणि पुन्हा बाहेर काढले.

संध्याकाळी त्यानं खल कोरडाच पुसून ठेवला.

"आकडा राहू द्या साहेब," तो म्हणाला. 

दोन दिवसांनी तो माळावर गेला तेव्हा दुपार टळत आली होती. कडूबाईनं रुमाल सोडून पाहिला.

"आरं, हाये तशीच हाय की! मग निघालं काय?"

"काय न्हाई निघालं. दळलीच न्हाई."

"उगंच हेलपाटा घातलास मग."

"व्हय."

तिनं बी पदराच्या गाठीत बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग बसल्या जागी चुळबुळ करायला लागली. "हितं घाम येतोय, बी भिजंल. घरी ठिवून आले आसते, पन मुकादम ढीग मोजायला यील. माझा अजून भरला न्हाई."

"तुमी जा. मी बसतो."

तिनं त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. हातोडा त्याच्या हातात दिला आणि पदराची गाठ मुठीत धरून ती गावाच्या वाटेला लागली.

जालिंदर तिच्या ढिगापुढं बसला. पहिला घाव निसटला, दुसरा बसला. आपण शहाणपणा केला की मूर्खपणा, त्याला अजूनही ठरवता येत नव्हतं. थोड्या वेळानं मुकादम वही घेऊन ओळीनं आला आणि त्याच्यापुढं थबकला.

"तुम्ही कोण? तुमचं नाव न्हाई हजेरीत."

"कडूबाईचा ढीग हाय," जालिंदर म्हणाला, आणि पुढचा दगड ओढला.