मेजवानीचा डेक

देवळीच्या बसस्टँडजवळ भैय्याजींचं किराणा दुकान आहे. एका एजंटानं बिस्किटांच्या मालासोबत एक जास्तीचं खोकं त्यांच्या गळ्यात मारलं होतं. आत 'वज्रवन' नावाच्या खेळाच्या कार्डांची पाकिटं निघाली. चिप्सच्या माळांशेजारी ती उन्हानं फिकी पडेपर्यंत लटकली, पण कोणी घेईना. शेवटी भैय्याजींनी स्वतःच पाकिटं फोडली, चष्मा पुसून नियम वाचले आणि साबण घ्यायला आलेल्या निकेशला काउंटरपलीकडे बसवून पहिला डाव टाकला. तेव्हापासून रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि तांदळाच्या पोत्यांवर पाच-सहा जणांची बैठक बसते.

खोकं एकच होतं. पुन्हा माल आला नाही, त्यामुळे गावात जी कार्डं होती तीच काय ती होती. त्यातून एक रीत पडली. मागितलेलं कार्ड द्यायचं, कशाला पाहिजे ते विचारायचं नाही, आणि कोणी काय नेलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही.

गुंजन या बैठकीत तिच्या मैत्रिणीच्या, रक्षाच्या, ओढीनं आली आणि टिकली. रसायनशास्त्रात एमएस्सी झाली होती, आणि आता हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. निघायला तीन आठवडे होते. घरात, कॉलेजात, शेजारात सगळे तिला हुशार म्हणत. इतके म्हणत, की त्या शब्दावरचा तिचा भरवसाच उडाला होता. भैय्याजींनी मात्र तिला कधी हुशार म्हटलं नव्हतं आणि एकदाही जिंकू दिलं नव्हतं. दर डावानंतर ते कार्डं गोळा करत म्हणायचे, "जमलं नाई वाटते." जाण्याआधी या माणसाला एकदा हरवायचंच, असं तिनं ठरवलं. तिथं गेल्यावर आपल्याला खरंच काही येतं की नाही, हे तिला आधी इथंच जाणून घ्यायचं होतं.

वज्रवनात दोन तऱ्हेनं हरता येतं. प्रत्येकाला वीस जीव असतात, ते संपले की हरलात. आणि दर पाळीला आपल्या डेकवरून, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्यावरून, एक कार्ड उचलायचं असतं, ते उचलायला डेकच उरला नाही तरीही हरलात. सगळे पहिल्या रस्त्यानं जात. वाघ, गवे, रानडुकरं काढून समोरच्यावर सोडत. भैय्याजी दुसऱ्या रस्त्याचे. त्यांच्या डेकात एकही जनावर नसे. फक्त भिंती आणि औषधं. तुम्ही धडका द्या, ते भिंत लावणार. तुम्ही जखम करा, ते पाला चोळणार. त्यांचा डेक सगळ्यांपेक्षा जाड असल्यामुळे शेवटी तुमची कार्डं संपणार आणि ते मिशीतल्या मिशीत हसत बसणार.

गुंजननं याआधी जास्त जोराची जनावरं लावून पाहिली होती. भिंतीवर आपटली. मग आपला डेक जाड केला. भैय्याजींनी त्यांचा आणखी जाड केला. तेव्हा तिला वाटलं, आपला प्रश्नच चुकतोय. भिंत कशानं पडेल हे विचारण्यापेक्षा भिंत कशावर उभी आहे ते पाहावं. ती उभी होती त्या जाड डेकवर. तो लवकर संपवला तर?

दुकानात एका बरणीत कोणालाच नको असलेली कार्डं पडून असत. त्यात तिला 'मेजवानी' सापडलं. "प्रतिस्पर्ध्यानं तीन कार्डं उचलावीत." समोरच्यालाच खाऊ घालणारं कार्ड! म्हणूनच ते बरणीत होतं. पण हातात सातच कार्डं ठेवता येतात, वरची फेकून द्यावी लागतात. आणि भैय्याजी तर हात भरून बसणारा माणूस. त्यांना वाढत गेलं, तर त्यांचा डेक वितळत जाणार होता.

बरणीत मेजवानीची तीन कार्डं होती. चौथं भैय्याजींच्या स्वतःच्या डब्यात होतं.

दोन दिवस ती घुटमळली. मग तेल घ्यायला म्हणून गेली.

"भैय्याजी, तुमचं मेजवानी द्याल?"

भैय्याजींचा तेल मोजणारा हात जरा थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, डबा उघडला आणि कार्ड तिच्या पिशवीत टाकलं. "बाटलीचं झाकण नीट लावजो. मागच्या वेळी सांडलं होतं."

कारण विचारलं नाही. रीत म्हणजे रीत.

पुढचे दोन रविवार गुंजननं काहीतरी निमित्त काढून भैय्याजींशी खेळणं टाळलं. घरी रक्षाला समोर बसवून तिच्याकडून भैय्याजींसारखं खेळवून घेतलं. रक्षा नसलेल्या मिशीला पीळ देत भिंती लावायची, आणि दर वेळी तिचाच डेक आधी संपायचा. गुंजननं आपल्या डेकातली भिंत न् भिंत काढून टाकली. भैय्याजी हल्ला करतच नाहीत, मग बचाव कशाला? तिथं मेजवान्या आणि समोरच्याला एखादं कार्ड उचलायला लावणारी वाढपाची कार्डं भरली.

शेवटच्या रविवारी ती काउंटरसमोर बसली. निकेश, रक्षा आणि बाकीचे भोवती जमले.

"बुधवारी चालली न तू?" भैय्याजींनी विचारलं.

"हो. आज हिशोब पुरा करून जाते."

"अरे बाप्पा! निकेश, पंखा वाढव. बाई गरम होऊन राह्यली."

दुसऱ्याच पाळीत तिनं पहिली मेजवानी टाकली. भैय्याजींनी तीन कार्डं उचलली. "जेव म्हणते, तं जेवतो बा." तिनं दुसरी टाकली. त्यांनी तीही उचलली. आता हात भरेल, आता फेकावी लागतील, म्हणून ती पाहत होती.

भैय्याजींनी एकही कार्ड फेकलं नाही. त्यांनी काउंटरवर वाघ ठेवला.

"भैय्याजी," गुंजन म्हणाली, "हा वाघ आहे."

"दिसते मले. चष्मा आहे."

मग दुसरा वाघ, मग गवा. पहिल्या वाघाचा कोपरा दुमडलेला होता. तो निकेशचा. गुंजननं निकेशकडे पाहिलं, तर तो छताकडे पाहत होता. गव्यावर हळदीचा डाग होता. तो रक्षाचा.

"रक्षे! तू माह्यासोबत सराव करत होतीस न?"

"मागितलं तं द्याच लागते न व," रक्षा पुटपुटली. "सांगता बी येत नाई."

गुंजनच्या बाजूला अडवायला एकही भिंत नव्हती. तिनंच वाढलेल्या कार्डांतून जनावरं निघत होती आणि तिचे जीव झरझर उतरत होते. तिसरी मेजवानीही टाकून झाली होती, आता हातात शेवटची होती. टाकली तर आणखी जनावरं निघतील. नाही टाकली तर त्यांचा डेक वेळेत संपणार नाही. तिनं त्यांच्या डेकची जाडी नजरेनं मापली, आपले जीव मोजले आणि टाकली. भैय्याजींनी तीन कार्डं उचलली, पुढच्या पाळीचं एक उचललं आणि वाघ सोडले.

तिचे जीव संपले तेव्हा त्यांच्या डेकात एकच कार्ड उरलं होतं.

"जमलं नाई वाटते," भैय्याजी म्हणाले. पण या वेळी ते कपाळ पुसत होते.

"तुम्ही भिंती काढल्या?" गुंजननं विचारलं. "सगळ्या?"

"मंग का करू? बरणीतल्या तीन अन् माही एक, अशा चार मेजवान्या घेऊन कोणी आलं, तं भिंत काय कामाची? तीन आठवडे डोकं खाल्लं माहं तू. गिऱ्हाईक मीठ मागे, मी साखर देत होतो."

गुंजनला हसू आलं. परीक्षेत पेपर सगळ्यांना सारखाच असतो. फक्त तिला अडवण्यासाठी कोणी तीन आठवडे बसून काही रचावं, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"हटजो गुंजन," निकेश पुढे सरकला. "आता माही पाळी. भैय्याजी, हाच डेक ठेवा."

"ठेवतो. तुले काय भेतो मी?"

आणि भैय्याजी हरले. सरळ, झटपट. निकेशनं कोणाला काही वाढलं नाही, आपली रानडुकरं काढली आणि सोडली. भैय्याजींकडे ना भिंत होती, ना औषध. वाघ हातात यायच्या आधीच सगळं संपलं. निकेश पोत्यावर उभा राहून नाचला. त्यानं भैय्याजींना आजवर कधीच हरवलं नव्हतं.

"उतर बे, तांदूळ आहे तो!" भैय्याजी ओरडले. "तुह्यासाठी बनवलाच नाई मी हा डेक. हा गुंजनसाठी होता."

"मंग मी बी खेळतो तुमच्यासंग," रक्षा म्हणाली. तिच्याकडूनही ते हरले. चिडले, शिव्या घातल्या, पण डेक बदलला नाही. वाघ पुन्हा पिसले आणि पुढचा डाव मांडला.

गुंजनला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. धन्यवाद म्हटलं असतं, तर निकेशनं महिनाभर नक्कल केली असती.

अर्ध्या शटरखालून कोणाचे तरी पाय दिसले. "भैय्याजी, दुकान चालू हाय का? पावभर चहापत्ती पाहिजे होती."

भैय्याजी हातातली कार्डं पालथी ठेवून उठू लागले.

"तुम्ही बसा," गुंजन म्हणाली. "पाळी तुमची आहे. चहापत्ती मी देते."

ती काउंटरच्या आत गेली आणि तराजू पुढे ओढला.