न जुळणारा तळ

त्या सकाळी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. निघतानाच सासऱ्यांशी वाजलं होतं. बोटी दुरुस्त करायचा त्यांचा कारखाना वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर, पाण्याला अगदी चिकटून. आणि पट्टीसमोरच समुद्राच्या तळाशी एक खोल घळ. दर मोजणीत घळीचं तोंड किनाऱ्याकडे सरकतंय, कारखाना हलवा, असं मी वर्षभर घसा कोरडा करून सांगत होते.

"सूनबाई, तू तळ मोज. किनारा मी बघतो," एवढं बोलून ते कामाला निघून गेले. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे आमच्या भांडणात पंच कुणी नव्हता.

आमच्या मोजणीच्या बोटीवरची पद्धत ठरलेली. एका रेषेवरून खोली मोजत जायचं, मग त्याच रेषेवरून उलट यायचं. दोन्ही मोजण्या जुळल्या तर पुढची रेषा. नाही जुळल्या तर यंत्रात बिघाड. तिसरी शक्यता कुणी धरतच नाही, कारण तळ काही अर्ध्या तासात हलत नाही.

घळीच्या तोंडाशी पहिल्या फेरीत आठ मीटर आले. उलट फेरीत अकरा.

"ग्रहण लागलंय यंत्राला," यंत्रावर बसणारा म्हणाला. प्रत्येक आकड्यावर संशय घेतो म्हणून त्याला आम्ही शंकासुर म्हणायचो. त्याने यंत्र बंद करून चालू केलं, वायरी उपटून पुन्हा खोचल्या. सुकाणूवरच्या काकांना मी परत बोट वळवायला लावली. चौदा.

"आता मात्र कहर झाला. बंदरात जाऊ या, हे आज काही सुधरत नाही."

हो म्हणायला मीही तोंड उघडलं होतं. पण पडद्यावर जिथे उतार दिसायला हवा होता तिथे उभी भिंत दिसत होती. वाळूची भिंत, आणि प्रत्येक फेरीत ती किनाऱ्याकडे मागे गेलेली.

पाण्याखाली घट्ट बसलेली वाळू नेहमी एकदम कोसळते असं नाही. कधी कधी कड उभीच राहते आणि तिचा पापुद्रा पापुद्रा सुटत जातो. सुटलेली वाळू पाण्यात मिसळली की ते पाणी जड होतं आणि तळ धरून घळीतून धावत सुटतं. वाटेतली वाळूही उचलतं, त्यामुळे आणखी जड, आणखी वेगवान होतं. शेवटी खोल सपाटीवर कुठेतरी दमतं आणि तिथे गाळाचे थर अंथरून ठेवतं. इतकी वर्षं मी ते थर आणि ते चर नकाशात नुसते रंगवत होते. आता ते सगळं माझ्या पायाखाली चालू होतं आणि वर पाण्यावर साधी खळबळ नव्हती. कड अशीच मागे खचत गेली तर वरच्या जमिनीचा आधार जाणार होता. वरची जमीन म्हणजे ती पट्टी, आणि पट्टीवर बाबा, माझे सासरे, एकटे.

शंकासुराला वायरलेसवर बंदराला कळवायला सांगितलं आणि बाबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"बाबा, आहात तसे बाहेर पडा! पट्टी जातेय!"

"पुन्हा तेच पालुपद? अगं, मी दारातच उभा आहे. समुद्र बघ कसा निवांत पडलाय. मला रंगाचा दुसरा हात मारायचाय. ठेव."

फोन बंद. मला इतका संताप आला की रडूच फुटलं. हा माणूस स्वतःसाठी जागचा हलणार नव्हता. दुसऱ्या कुणाची बोट अडली की मात्र भरल्या ताटावरून उठून पळायचा. मी डोळे पुसून पुन्हा फोन लावला.

"बाबा, आमचं इंजिन बंद पडलंय. बोट वाहत चाललीय."

"कुठे?" आवाजच बदलला.

"घळीच्या पलीकडे."

"घाबरू नकोस, पोरी. आलोच."

शंकासुर माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आमचं इंजिन छान धडधडत होतं.

बाबांची होडी निम्म्या वाटेत असताना पट्टीची कड तुटली. वाळूची एक लांब वडी सुटून पाण्यात बसली, मग तिच्या मागची. कारखान्याचे पत्रे वाकले, दुरुस्तीला चढवलेली बोट आडवी झाली, आणि सगळं सावकाश खाली गेलं. बाबांची तिकडे पाठ होती. ते आमच्याकडे बघत होते, होडी जोरात हाकत होते.

जवळ आल्यावर आमचे चेहरे पाहून ते मागे वळले. होडी आमच्या बोटीला धडकली तरी तिकडेच बघत राहिले.

मी हात पुढे केला. त्यांनी आधी हत्यारांची पेटी वर दिली, मग स्वतः चढले. पेटी उचलवत नव्हती. ठेवणीतली सगळी चांगली हत्यारं त्यांनी भरून आणली होती, माझ्या बंद इंजिनासाठी. कारखान्यातलं आता तेवढंच उरलं होतं.

"बाबा, मी खोटं..."

"इंजिन दाखव," ते म्हणाले. इंजिन पायाखाली धडधडत होतं, त्यांना ते ऐकू येत होतंच.

मी काकांना खूण केली. काकांनी इंजिन बंद केलं. बाबा खाली बसले, पेटी उघडली आणि पहिला बोल्ट सैल करायला लागले.