धुक्यातली होडी

घराच्या भिंतींना कुठला रंग आहे विचारलं, तर जो माणूस आधी छताकडे बघेल, तो चित्र घ्यायला निघाला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात, मी कपडे शिवते. लग्नापासून रोज सकाळी माझ्या सुईत दोरा ओवून द्यायचा आणि मगच दुकान गाठायचं, हा यांचा नेम. अलीकडे मात्र 'हात दुखतोय' म्हणत सटकायचे. आणि वर हे नवं खूळ, की समोरच्या खोलीत मनाला शांत वाटेल असं चित्र हवं.

"तुमच्या मनाला काय झालंय एवढं?" मी विचारलं.

"काही नाही गं. वय झालं."

चित्रांच्या दुकानाची मालकीण गोडबोली. तिनं फुलं दाखवली, समुद्र दाखवला; यांनी नुसती मान हलवली. मग तिनं धुक्याचं चित्र बाहेर काढलं. वर पुसट डोंगर, खाली तळं.

"यात धड काहीच दिसत नाही," मी म्हटलं.

"कुणालाच दिसत नाही, तीच तर गंमत," ती हसली. "फक्त खाली काठाला एक होडी आहे."

यांचा चेहरा असा खुलला, की आमच्या लग्नातही तेवढा खुलला नसेल. पाणी कुठं मुरतंय ते मला कळलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी हे त्या चित्रासमोर. चहा गार व्हायचा, तरी उठायचे नाहीत. यांचा जीव चित्रात आहे की चित्रवालीत, हे मला एकदाचं बघायचं होतं. एका दुपारी मी ते उलटं टांगलं. डोंगर खाली, होडी वर, पालथी. चित्राचं वेड खरं असेल तर आल्या आल्या बोंब मारतील.

आले, बसले, टक लावून बघत राहिले. माझं डोकंच फिरलं.

"काय एवढं बघता त्यात?"

"ती होडी," त्यांनी खाली बोट दाखवलं. "काठाला लागलेली. बरं वाटतं बघून."

बोटासमोर डोंगर होते.

चांगलं झणझणीत बोलणार होते, ते राहूनच गेलं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझ्याकडे बघत होते, पण जरा बाजूला. सुई आठवली, दुखणारा हात आठवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

ते म्हणाले, "चित्रांच्या दुकानात बाकीच्यांनाही धूसरच दिसत होतं ना. तेवढ्यापुरता मी तुमच्यातला होतो. घड्याळांचं काम गेलं तर मी काय करू गं?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग, माझाच. मी चित्र सरळ केलं, त्यांचा हात धरून बोट होडीवर टेकवलं.

"इथं आहे. आणि उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी बरोबर येणार आहे."

त्यांनी होडी चाचपली. "मग मघाशी कुठं होती?"

"मी उलटी टांगली होती," मी म्हटलं. "तुमच्यावर संशय घेऊन."