किरमिजी रंगावर डाग दिसत नाही

मित्रांनो, जुना म्हणवून घ्यायला वय लागतं. माझं वय अवघं दोन वर्षं. पण कापडाचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, धुण्यांत मोजतात, आणि माझी धुणी झाली एकशे तीन. तेव्हा म्हातारा म्हणा मला, चालेल.

मी एक पटका आहे. चौकोनी, किरमिजी, चार कोपऱ्यांना चार बंद. ज्याच्या डोक्यावर मी बसलो तो शीख होता, एकोणीस वर्षांचा होता आणि फुटबॉल खेळून पोट भरत होता. होता, होता, होता. शीख तो अजून आहे. बाकीचं सांगतो.

पहिलं धुणं

मला त्याच्या आईने शिवलं. ती कपडे दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होती. पँट आखूड करणं, चेन बदलणं, फाटलेल्या खिशांना अस्तर लावणं. तिच्या हातून चिंधीसुद्धा वाया जात नसे.

मुलाला क्लबने घेतलं त्या आठवड्यात संघाचं सामान सांभाळणारे काका दुकानात आले आणि एक फाटका शर्ट टेबलावर टाकून म्हणाले, "बाई, नियम आहे. डोक्यावरचं कापड शर्टाच्या रंगाचं हवं, नाहीतर काळं. गुलाबी-बिलाबी आणाल तर रेफरी आत सोडणार नाही."

"काळं त्याला शोभत नाही," आई म्हणाली. तिने शर्टाची पाठ कापली, आतून सुती अस्तर लावलं, बंद शिवले, आणि रंग पक्का व्हावा म्हणून मला मिठाच्या पाण्यात बुडवलं. वाळल्यावर उजेडात धरून बघितलं.

"चांगला रंग आहे," ती मुलाला म्हणाली. "डाग पडला तरी दिसायचा नाही."

ती माझी पहिली स्तुती. मी फुगून गेलो.

पाचवं धुणं

ड्रेसिंग रूममध्ये बावीस खुंट्या होत्या. त्याची शेवटची, न्हाणीच्या दाराशी. पहिल्याच दिवशी कॅप्टन ओरडला, "अरे, गाठोडं आलं! आत काय आहे रे, जेवणाचा डबा?"

"अक्कल," तो म्हणाला. "तुला लागली तर सांग, थोडी काढून देतो."

सगळे हसले. कॅप्टन सगळ्यांत जास्त. तेव्हापासून तो गाठोडं झाला. नाव चिकटलं, पण त्यात विष नव्हतं.

विष नंतर आलं, तेही मस्करीतच. डाव्या बाजूला खेळणाऱ्याने मागून येऊन माझा एक बंद ओढला. गाठ सुटली, मी घसरलो, बुचडा मोकळा झाला आणि लाकडी कंगवा फरशीवर पडून बाकाखाली गेला. कोणी हसलं नाही. तो गुडघ्यांवर बसला, कंगवा शोधला, सगळ्यांकडे पाठ करून केस वर बांधले, मला पुन्हा बसवलं आणि मग वळला.

"याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "कोणीच."

दुसऱ्या दिवशी कोचनी सगळ्यांना उभं केलं. "याच्या डोक्यावरच्या कापडाला जो हात लावेल, तो संघाबाहेर. एकदाच सांगतोय." बंद ओढणाऱ्याने मान खाली घालून माफी मागितली, आणि ती खरी होती.

चांगला नियम होता, मित्रांनो. मी अजूनही म्हणतो, चांगला होता. संघाच्या फिजिओने तो आपल्या वहीत लिहूनही घेतला. फिजिओ म्हणजे खेळाडूंचे पाय-पाठ चोळणारा, दुखापती बघणारा माणूस. हा भला, पापभीरू, कोणाचं मन दुखवायला घाबरणारा होता. त्याच्या वहीत प्रत्येक खेळाडूचं एक पान होतं. याच्या पानावर, गुडघा आणि घोटा यांच्या वर, पेन्सिलीने ओळ पडली: डोकं – हात नाही.

मधली धुणी

मधली नव्वदेक धुणी सुखाची होती. सुखाचं सांगायला फारसं नसतं. एक वर्ष तो दुसऱ्या फळीच्या संघात खेळला. मग पहिल्या संघातल्या एका जुन्या बचावपटूचा गुडघा गेला आणि याला बोलावणं आलं.

तो बचावाच्या मधोमध खेळायचा. तिथल्या माणसाचं अर्धं काम डोक्याने. समोरून उंच आलेला चेंडू उडी मारून डोक्याने परतवायचा, सामन्यात वीस वेळा, सरावात शंभर वेळा. आई म्हणायची, "चेंडू समोरून येतो ना? मग कंगवा मागे खोच." तो मागे खोचायचा. चेंडू आधी मला लागायचा, मग त्याला. लोक टाळ्या वाजवायचे. परक्या मैदानांवर लोक दुसरंही काही ओरडायचे. ते मी धुऊन टाकलं.

कोचनी त्याला खोलीत बोलावून सांगितलं, "हंगाम संपेपर्यंत जागा टिकव. टिकवलीस तर तीन वर्षांचा करार. नाही टिकवलीस तर मी तरी काय करू?"

सात सामने उरले होते. त्याच्या जागेवर डोळा ठेवून एक जण रोज मैदानाच्या कडेला पाय मोकळे करत बसलेला असायचा. वाईट नव्हता तो. त्यालाही पोट होतं.

नव्व्याण्णवावं धुणं

शनिवार होता. पूर्वार्धाची शेवटची पाच मिनिटं. चेंडू उंच आला, हा मागे मागे धावत गेला, उडी मारली, आणि गोलचा खांब तिथेच होता.

उजव्या कानाच्या वर. हाडाचा आवाज कापडाला ऐकू येत नाही, अंगात उतरतो.

तो उठला. हात वर करून दाखवला, ठीक आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण माझ्याखाली ओल पसरत होती, आणि घामाला मी ओळखतो. घाम पातळ असतो. घाम थंड होत जातो. हे तसं नव्हतं. पांढरा असतो तर सगळ्या मैदानाला दिसलं असतं. मी किरमिजी होतो. मी फक्त थोडा गडद झालो.

मध्यंतरात फिजिओ त्याच्यासमोर खाली बसला.

"आज कोणाशी खेळतोय आपण?"

त्याने सांगितलं.

"गोल किती?"

तेही सांगितलं. भिंतीवर फळा होता, त्यावर लिहिलेलं होतं.

"दुखतंय?"

"थोडं. सगळ्यांचंच दुखतं काही ना काही."

फिजिओने हात उचलला. हात माझ्यापर्यंत आला, वीतभर अंतरावर थांबला. त्याच्या तळव्याची ऊब मला लागत होती. तेवढ्यानेच कळलं असतं, मित्रांनो. दोन बोटं टेकवली असती तरी ओली झाली असती. वहीतली ओळ म्हणावी तसे त्याचे ओठ हलले. मग त्याने हात मागे घेतला, बर्फाची पिशवी आणली आणि म्हणाला, "वरूनच ठेव."

आणि हा? हा का बोलला नाही? दार लावून, एका कोपऱ्यात, त्याने स्वतः मला सोडलं असतं. त्यात कसलाही कमीपणा नव्हता. रोज दोनदा सोडायचाच. पण दाराच्या फटीतून त्याला मैदानाची कडा दिसत होती, आणि तिथे तो दुसरा उड्या मारत अंग गरम करत होता.

त्याने पिशवी बाजूला ठेवली आणि बुटाची नाडी आवळली.

इथे मी ओरडलो असं सांगायचं होतं. कापड ओरडत नाही.

त्या संध्याकाळी त्याने मला स्वतः नळाखाली धरलं. पाणी लालसर गेलं. आई मागून इस्त्री करत बघत होती.

"काय रे, रंग जातोय?"

"हो."

"दोन वर्षं नाही गेला, आज कसा जाईल?"

"पाणी बदललं असेल."

तिने इस्त्री उभी केली. "इकडे ये. डोकं बघू."

"आई, मी काय लहान आहे?"

तो हसत म्हणाला, म्हणून ती थांबली. त्या घरात त्या एका वाक्याला ती नेहमी थांबायची. त्याला ते माहीत होतं.

एकशे एकावं, एकशे दुसरं, एकशे तिसरं

पुढच्या रविवारी जे झालं त्याला मार म्हणताच येणार नाही. साधा, लांबून आलेला, दमलेला चेंडू. शाळेतलं पोरही असा परतवतं. याने परतवला, आणि चालायला लागला. आपल्या जागेकडे नाही, कुंपणाकडे.

"गाठोड्या!" कॅप्टन ओरडला. "इकडे! कुठे निघालास?"

तो थांबला. नाडी बांधायला बसावं तसा बसला. मग आडवा झाला.

फिजिओ धावत आला, त्याने श्वास बघितला, नाडी बघितली, हाका मारल्या. स्ट्रेचर आलं. गाडी आली. तोवरही माझे चारही बंद जसेच्या तसे होते.

हॉस्पिटलात एक नर्स होती. तिने आमच्यासारखं कापड कधी जवळून बघितलेलं नसावं. गाठ कुठे आहे ते तिला शोधावं लागलं. पण ती त्याच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "दादा, हे सोडते हं मी. डोकं बघायचंय."

तो बेशुद्ध होता. ती तरीही एक श्वास थांबली. मग सोडलं, घडी केली आणि मला फळीवर ठेवलं, खाली नाही.

दोन श्वासांचं काम. आठ दिवस राहिलं होतं.

तिने केस बाजूला केले आणि मोठ्याने डॉक्टरांना हाक मारली. कवटीच्या आत रक्त साचलं होतं. ऑपरेशनसाठी उजव्या बाजूचे केस काढावे लागले. जन्मापासून कात्री न लागलेले केस. डॉक्टरांनी आईला विचारलं. तिने सही केली, पेन परत दिलं आणि मगच भिंतीला टेकली.

बाहेरच्या बाकावर फिजिओ बसला होता. तिला बघून उठला.

"मी बघणार होतो," तो म्हणाला. "शनिवारीच. पण मला वाटलं... अपमान होईल."

"कोणाचा?"

त्याने खिशातली वही काढली आणि पुन्हा आत ठेवली.

"डोक्यासाठी पटका असतो, भाऊ," ती म्हणाली. "विचारायचं होतंत. मीही विचारलं, आणि हसला म्हणून सोडून दिलं." आणि ती त्याच्याच शेजारी बसली, कारण दुसरं बाक नव्हतं.

घरी येऊन तिने मला एका दिवसात तीनदा धुतलं.

शंभरावं धुणं, राहिलेलं

एक धुणं मी गाळलं. ते आता सांगतो, कारण ते त्याच्याकडे नाही, माझ्याकडे उरलंय.

तो वाचला. बोलतो, चालतो, उजेड वाढला की डोळे मिटतो. डॉक्टरांनी सांगितलं, फुटबॉल संपला. तो म्हणाला, "या हंगामापुरता?" डॉक्टर म्हणाले, "नाही." त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. करार कोणाला मिळाला ते तुम्हाला कळलंच असेल.

मग डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं काय आठवतं? त्याला तो शनिवार आठवत होता, खांबापर्यंत. त्यानंतर हॉस्पिटलचं छत. मधला आठवडा नाही.

त्या आठवड्यात, बुधवारी, एक सामना होता. शेवटची दहा मिनिटं राहिली होती, बरोबरी होती. आपल्याला कॉर्नर किक मिळाली. तो बचाव सोडून पुढे गेला, दोघांच्या मधून वर उडाला आणि चेंडू माझ्यावर आदळला, कपाळाच्या जरा वर, आणि जाळ्यात गेला. त्याचा पहिला गोल. त्याच धक्क्याने कानावरची जखम पुन्हा उघडली, आणि तो हसत होता. आई उभी होती तिकडे हात पसरून धावत होता. कॅप्टनने त्याला उचललं. "गाठोडं नाही रे हे," तो ओरडत होता, "खजिना आहे, खजिना!"

आज दुपारी कॅप्टन घरी आलाय. मी खिडकीतल्या दोरीवर आहे. अर्ध्या डोक्यावरचे केस अजून बोटभर आहेत, बुचडा बसत नाही, म्हणून माझं काम नाही. कॅप्टनने फोन त्याच्यासमोर धरला. "हा बघ. तुझा."

त्याने बघितला. "छान मारलाय," तो म्हणाला. दुसऱ्याच्या गोलला म्हणतात तसं. मग पुन्हा बघितला. मग पुन्हा. मग विचारलं, "किती वेळा बघितला मी?"

"तीन वेळा," कॅप्टन म्हणाला, आणि पाणी प्यायच्या निमित्ताने उठला. स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू राहिला.

मित्रांनो, आमच्यासारख्या कापडांचा मान ठेवा. पण तो लांब उभं राहून ठेवू नका. कोणाच्या डोक्याला लागलं आणि तो "काही नाही" म्हणाला, तर जवळ जा. विचारा, "सोडतोस का? बघू दे." नाही म्हणाला तर मोठ्या माणसाला बोलवा आणि पुन्हा विचारा. हसला तर तिसऱ्यांदा विचारा.

कॅप्टन आत आलाय. तोंड धुतलेलं आहे. तो फोनवर पुन्हा तोच गोल लावतो. कॉर्नर घेतला जातो, चेंडू वर चढतो, वळतो, खाली येऊ लागतो. पडद्यावरचा तो उडी घेतो. आणि खाटेवर बसलेला तो डोळे न मिटता मान पटकन बाजूला घेतो, चेंडू चुकवावा तशी.